कल्पसंख्या ४,३२,००,००,००० : रोहिणखेडच्या श्रीपतीच्या परंपरेतील एका पूर्णांकाचे गणित व इतिहास

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात, घाटाखालच्या पट्ट्यात, रोहिणखेड हे गाव आहे. मध्ययुगीन इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव दोन लढायांमुळे परिचित असते. इ.स. १४३७ मध्ये खानदेशच्या नासीरखानाचा बहमनी सैन्याने येथे पराभव केला, तर १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशाह आणि जमालखान यांच्यातील अहमदनगरच्या गादीचा निकाल येथेच लागला. खुदावंदखानाने १५८२ मध्ये बांधलेली मशीदही इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आवर्जून दाखविली जाते. प्रस्तुत लेखकही विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेला की मशीद दाखवितो आणि लढायांच्या सनावळ्या सांगतो. मात्र या लढायांच्या चारशे वर्षे आधीचे, तलवारीशी काहीही संबंध नसलेले एक नाव या गावाशी जोडले जाते, त्याचा उल्लेख सहसा होत नाही. ते नाव म्हणजे ज्योतिर्गणिती श्रीपती.

केशवाचा नातू आणि नागदेवाचा पुत्र असलेला हा काश्यपगोत्री श्रीपती अकराव्या शतकातील. त्याच्या 'धीकोटिदकरण' या ग्रंथाचा आरंभकाल शके ९६१ (इ.स. १०३९) आणि 'ध्रुवमानस' या ग्रंथाचा शके ९७८ (इ.स. १०५६) आहे. ग्रंथपरंपरेत त्याचे गाव रोहिणीखंड असे येते. हे रोहिणीखंड म्हणजेच आजचे रोहिणखेड, असे नावाच्या साम्यावरून मानले जाते. येथे थोडी सावधगिरी आवश्यक आहे. गावांच्या नावातील 'खेड' हे पद सामान्यतः संस्कृत 'खेट' या शब्दापासून आलेले असते, 'खंड' या शब्दापासून नव्हे. बोलीतील नावाला संस्कृत वळण देताना 'खंड' झाले असणे अशक्य नाही. म्हणून ही ओळख संभाव्य समजावी, सिद्ध समजू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याला चाळीसगावजवळील पाटण येथील इ.स. १२०७ चा शिलालेख लाभला. श्रीपतीची ओळख एका स्थलनामावर उभी आहे.

श्रीपतीचा प्रमुख ग्रंथ 'सिद्धान्तशेखर' हा मुख्यतः ब्राह्मपक्षाला, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने मांडलेल्या गणितपद्धतीला अनुसरतो. या पक्षाचे सारे गणित ज्या एका पूर्णांकावर उभे आहे तो म्हणजे कल्पातील सौरवर्षांची संख्या ४,३२,००,००,०००. प्रस्तुत लेखाचा विषय ही संख्या आहे. पुराणातील अतिशयोक्ती म्हणून ती झटकून टाकणारे आणि आधुनिक विज्ञानाची पूर्वसूचना म्हणून ती मिरविणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक तिच्या गणिताकडे मात्र क्वचितच पाहतात.

संख्येची घडण

स्मृति-पुराणांत चार युगांचे मिळून १२,००० दिव्य वर्षांचे एक महायुग सांगितले आहे. एक दिव्य वर्ष म्हणजे ३६० मानवी वर्षे. म्हणून महायुग ४३,२०,००० वर्षांचे, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे कलियुग ४,३२,००० वर्षांचे. अशी १,००० महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, अर्थात कल्प. लीलावतीतील स्थाननामांनी सांगायचे तर चार अब्ज, तीन अर्बुद, दोन कोटी. एका कल्पात १४ मनू. प्रत्येक मनूची ७१ महायुगे धरली तर ९९४ होतात. उरलेली सहा महायुगे मनूंच्या आधी, मध्ये व शेवटी येणाऱ्या १५ संधींत वाटली जातात आणि प्रत्येक संधी एका कृतयुगाएवढा, म्हणजे महायुगाच्या चार दशांश, असतो. १५ × ०.४ = ६. हा हिशेब जुळवून आणलेला आहे हे उघड आहे. आर्यभटाने मात्र मनूची ७२ युगे धरून १,००८ युगांचा कल्प मानला होता आणि त्याबद्दल ब्रह्मगुप्ताने त्याच्यावर कठोर टीका केली.

४,३२,००० ही संख्या ६० च्या घनाची दुप्पट आहे. बाबिलोनी परंपरेतील बेरोसस या लेखकाने जलप्रलयापूर्वीच्या राजांचा एकूण काळही ४,३२,००० वर्षेच दिला आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी नोंदविलेली आहे. षष्टिमान पद्धतीत मोजणाऱ्या कोणालाही ही संख्या सोयीची वाटावी अशीच आहे.

कल्पसंख्येचे अवयव पाडले तर २ चा ११ वा घात, ३ चा ३ रा घात आणि ५ चा ७ वा घात यांचा गुणाकार मिळतो. यापेक्षा मोठा अविभाज्य अवयव तिच्यात नाही. तिला एकूण ३८४ विभाजक आहेत. राशी, अंश, कला, घटिका यांच्या मापनात येणाऱ्या १२, ३०, ६०, ३६० आणि २१,६०० या सर्व संख्यांनी तिला निःशेष भाग जातो. वर्तुळाच्या २१,६०० कलांनी भागले असता नेमके २,००,००० येतात. याचा व्यवहारातील अर्थ फार सोपा आहे. एखाद्या ग्रहाच्या कल्पातील प्रदक्षिणा, म्हणजे भगण, माहीत असले की त्यांना दोन लाखांनी भागावे. त्या ग्रहाची वार्षिक मध्यम गती कलांमध्ये मिळते. शनीचे कल्पभगण १४,६५,६७,२९८ आहेत. त्यांचे अर्धे करून दशमस्थाने सरकविली की ७३२.८३६४९ कला, म्हणजे १२ अंश १२ कला ५० विकला येतात. शनी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत राशिचक्र पुरे करतो, हे त्यातूनच निघते. संख्या प्रचंड असली तरी तिने भागणे हे दोनाने भागण्याइतके सोपे आहे, हा तिचा पहिला गुण होय.

अपवर्तन : मोठी संख्या कोठे अनावश्यक ठरते

ब्राह्मपक्षानुसार एका कल्पात १५,७७,९१,६४,५०,००० सावन दिवस असतात. या संख्येला कल्पवर्षांनी भागले की वर्षमान ३६५ दिवस १५ घटी ३० पळे २२ विपळे ३० प्रतिविपळे येते. आजच्या भाषेत ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे ९ सेकंद. आजच्या नाक्षत्र वर्षाशी तुलना केली तर हे मान सुमारे तीन मिनिटांनी अधिक आहे.

आता या दोन संख्यांचे अपवर्तन करावे, म्हणजे सामाईक विभाजक काढून टाकावा. तो १३,५०,००० आहे. उरतात ती दृढ पदे अशी : ३,२०० वर्षांत ११,६८,८२७ दिवस. म्हणजे केवळ वर्षमानासाठी पाहिले तर ४३२ कोटी वर्षांची काहीच गरज नाही, ३,२०० वर्षांचे चक्र पुरते. चंद्राचेही तसेच आहे. त्याचे कल्पभगण ५७,७५,३३,००,००० असून सामाईक विभाजक ३,००,००० आहे. १४,४०० वर्षांत १,९२,५११ प्रदक्षिणा हे त्यांचे दृढ रूप. कल्पातील अधिकमास १,५९,३३,००,०००. त्यांचे रूप १४,४०० वर्षांत ५,३११. यावरून दर ३२ सौरमास व सुमारे १६ दिवसांनी एक अधिकमास पडतो, हे आपल्या पंचांगकर्त्यांच्या परिचयाचे मान मिळते.

सूर्य आणि चंद्र यांच्यासाठी, म्हणजे तिथी, महिने, अधिकमास यांसाठी, चौदा हजार चारशे वर्षे पुरतात. मग कल्प कशासाठी?

पंचताराग्रहांकडे वळले की चित्र बदलते. मंगळाचे भगण २,२९,६८,२८,५२२. कल्पाशी त्यांचा सामाईक विभाजक केवळ २. गुरूचे ३६,४२,२६,४५५, सामाईक विभाजक ५. शनीचा ६. शनीच्या मंदोच्चाचे कल्पभगण अवघे ४१ आहेत. ४१ ही मूळसंख्या असल्याने येथे अपवर्तनच होत नाही. येथे पूर्ण कल्प लागतो.

४५६७ : स्थानाचे गणित

याचे कारण समजून घेण्यासाठी कल्पाचा किती भाग सरला आहे, ते पाहावे लागेल. आपल्याकडे कोणत्याही धार्मिक कृत्याच्या संकल्पात हा हिशेब मोठ्याने उच्चारला जातो, पण तो हिशेब आहे हे बोलणाऱ्याच्या वा ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर आणि अठ्ठाविसावे कलियुग, याचा अर्थ सहा मनू गेले, सातव्यातील २७ महायुगे गेली आणि चालू महायुगातील कृत, त्रेता व द्वापर संपली. सहा मनूंची महायुगे ४२६, सात संधींची २.८, त्यानंतरची २७ आणि चालू महायुगाचे ०.९, एकूण ४५६.७. हजारातून ४५६.७ म्हणजे कल्पाचा ४५६७/१०००० इतका भाग कलियुगाच्या आरंभी, इ.स.पू. ३१०२ मध्ये, सरलेला होता. वर्षांत तो १,९७,२९,४४,००० होतो.

४, ५, ६, ७ हे अंक ओळीने यावेत ही केवळ गंमत आहे. महत्त्वाचे आहे ते असे की ४५६७ या संख्येला २ किंवा ५ यांनी भाग जात नाही, म्हणून या अपूर्णांकाचा छेद दहा हजारांपेक्षा लहान होत नाही. ब्राह्मपक्षात कल्पारंभी सर्व ग्रह मेषारंभी एकत्र होते, असे गृहीत असते. एखाद्या ग्रहाचे कल्पभगण या अपूर्णांकाने गुणले, पूर्ण प्रदक्षिणा सोडून दिल्या, की उरलेला अंश म्हणजे कलियुगारंभीचे त्याचे स्थान. छेद दहा हजार असल्याने या उरलेल्या अंशासाठी भगणांचे फक्त शेवटचे चार अंक पुरतात. हे कोणालाही कागदावर पडताळून पाहता येईल. शनीच्या भगणांचे शेवटचे चार अंक ७२९८. ७२९८ × ४५६७ = ३,३३,२९,९६६. यातील शेवटचे चार अंक ९९६६. म्हणजे कलियुगारंभी शनी वर्तुळाच्या ९९६६/१०००० वर, अर्थात ३५८ अंश ४६ कला ३४ विकलांवर होता. गुरूसाठी ६४५५ हे अंक घेतले तर ९९८५ उरतात, मंगळासाठी ८५२२ घेतले तर ९९७४. सूर्य आणि चंद्र यांच्या भगणांच्या शेवटी चार शून्ये असल्यामुळे ते दोघे नेमके मेषारंभी येतात.

म्हणजे कलियुगारंभी सूर्य-चंद्र एकत्र, आणि मंगळ, गुरू, शनी त्यांच्यापासून सव्वा अंशाच्या आत, थोडे मागे. आर्यभटाच्या पद्धतीत हे सर्व त्या क्षणी मेषारंभी तंतोतंत एकत्र असतात. त्याचे युगपाद समान असल्याने कलियुगारंभी महायुगाचा तीन-चतुर्थांश भाग सरलेला असतो; त्यामुळे पूर्णांक भगण घेऊन तेथे ग्रहाला चारच जागा मिळू शकतात, ०, ९०, १८० आणि २७० अंश. पौराणिक महायुगात नऊ-दशांश भाग सरतो म्हणून दहा जागा, ३६ अंशांच्या अंतराने. ब्रह्मगुप्ताच्या कल्पात दहा हजार जागा आहेत आणि दोन लगतच्या जागांतील अंतर २.१६ कला, म्हणजे दोन कलांहून किंचित अधिक. ग्रह वेधाशी जुळत नसेल तर भगणांत थोडा फेर करावा आणि त्याला हव्या त्या स्थानी आणावे, तेही भगण पूर्णांक राखूनच. हा फेर जास्तीत जास्त पाच हजारांचा करावा लागतो आणि त्याने वार्षिक गतीत दीड विकलेपेक्षा अधिक फरक पडत नाही. भगणसंख्येच्या वरच्या अंकांत ग्रहाची गती आणि खालच्या चार अंकांत त्याचे कलियुगारंभीचे स्थान, अशी ही योजना आहे. धर्मपरंपरेने दिलेल्या काळाच्या चौकटीला धक्का न लावता सुधारणेला जागा ठेवण्याची ही युक्ती प्रस्तुत लेखकास फार कौतुकाची वाटते.

त्याबरोबरच या युक्तीची मर्यादाही स्पष्ट दिसते. शनीच्या मंदोच्चाचे ४१ भगण याचा अर्थ ते सुमारे ८१ वर्षांत एक विकला सरकते. नलिका आणि शंकू यांनी वेध घेणाऱ्या कोणाला ही गती दिसणे शक्य नव्हते. ४१ × ४५६७ = १,८७,२४७; शेवटचे चार अंक ७२४७, म्हणजे २६० अंश ५३ कला. मंदोच्च त्या जागी यावे म्हणून ४१ हा आकडा निवडला गेला. तो मोजलेला नाही, बसविलेला आहे. सूर्याच्या मंदोच्चाचे ४८० भगण याच जातीचे. त्यातून ७७ अंश ४५ कला येतात.

मापन आणि निवड

बसविलेली संख्या व मोजलेली संख्या यांतील भेद विसरला की काय होते, याचा अनुभव चर्चासत्रांतून येतो. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात वक्त्यांनी पडद्यावर दोन आकडे शेजारी दाखविले, कल्पाची ४३२ कोटी वर्षे आणि पृथ्वीचे आजचे वय ४५४ कोटी वर्षे. सभागृहात टाळ्या झाल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. घरी येऊन हिशेब मांडल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, ४३२ कोटी ही कल्पाची संपूर्ण लांबी आहे. परंपरेनुसार त्यापैकी सरलेला काळ १९७ कोटी वर्षांचा आहे. वयाशी तुलना करायचीच तर ती १९७ कोटींशी करावी लागेल आणि मग साम्य उरत नाही. दुसरी अधिक मूलभूत आहे. पृथ्वीचे वय सांगताना सुमारे एक टक्का अनिश्चितता सोबत सांगितली जाते, कारण ते मापन आहे. कल्पाला अशी अनिश्चितता नाही, असू शकत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील लोणारचे विवर या दृष्टीने बोलके आहे. एका मापनपद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे ठरले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे, अधिक-उणे ४७ हजार, असे सांगितले. मोजलेली संख्या मापन सुधारले की बदलते. ब्रह्मगुप्तापासून श्रीपती व भास्कराचार्यांपर्यंत कल्पवर्षे बदलली नाहीत, कारण तो समान छेद होता. बदलता येण्याजोगे होते ते वरचे भगण आणि दिवस.

याउलट, १८३५ च्या आपल्या टिपणात मेकॉलेने तीस-तीस हजार वर्षे राज्य करणाऱ्या राजांचा इतिहास म्हणून या परंपरेची टर उडविली. त्यानेही संख्येचा आकार पाहिला, तिचे कार्य पाहिले नाही. वास्तविक कोलब्रुकने ब्रह्मगुप्त व भास्कर यांच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर १८१७ मध्येच प्रसिद्ध केले होते. त्याच्या आठशे वर्षे आधी, इ.स. १०३० च्या सुमारास, अल्-बिरूनीने भारतावरील आपल्या ग्रंथात कल्प, मन्वंतर आणि ब्रह्मगुप्ताचे आकडे बारकाईने तपासले होते. तो लिहीत होता तेव्हा श्रीपतीचे पहिले करण लिहून होण्यास जेमतेम दहा वर्षे उरली होती. मराठीत हे काम शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात केले. निरनिराळ्या सिद्धान्तांचे भगण व वर्षमाने त्यांनी समोरासमोर मांडून तपासली. आपल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत हा ग्रंथ फारसा उघडला जात नाही, कारण तो ज्योतिषाचा समजला जातो. ज्योतिषी तो उघडत नाहीत, कारण त्यात फलित नाही.

या आकड्यांच्या जतनाविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ग्रंथ पद्यात असल्याने अंक शब्दांत लिहिलेले असतात, 'ख' म्हणजे शून्य, 'सागर' म्हणजे चार, 'दंत' म्हणजे बत्तीस. वृत्तामुळे शब्द गळण्याची भीती कमी होते. तरीही लेखनिकाकडून चूक झालीच, तर संख्या परस्परांना पडताळतात. चंद्राच्या भगणांतून सूर्याचे वजा केले की ५३,४३,३३,००,००० चांद्रमास येतात. त्यांच्या तीसपट म्हणजे १६,०२,९९,९०,००,००० तिथी. त्यांतून २५,०८,२५,५०,००० क्षयतिथी वजा केल्या की वर दिलेले सावन दिवस नेमके मिळतात. एखाद्या हस्तलिखितात यांपैकी एक आकडा बिघडलेला असेल तर उरलेल्यांवरून तो दुरुस्त करता येतो. शिलालेखातील पुसट अक्षरांना असा आधार नसतो.

सिद्धान्तकार आणि करणकार

श्रीपतीचे ग्रंथ आता मुद्रित स्वरूपात उपलब्ध आहेत. 'सिद्धान्तशेखर' बबुआजी मिश्र यांच्या संपादनाने कलकत्ता विद्यापीठाने १९३२ व १९४७ मध्ये दोन भागांत काढला. 'गणिततिलक' हा अंकगणितावरील ग्रंथ सिंहतिलकसूरी या जैन आचार्याच्या टीकेसह ही. र. कापडिया यांनी संपादिला आणि तो १९३७ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत निघाला. 'ज्योतिषरत्नमाला' या त्याच्या मुहूर्तग्रंथावरील त्याच्याच नावाची मराठी टीका डॉ. मु. ग. पानसे यांनी १९५७ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केली. मराठी गद्याच्या आरंभकाळाची चर्चा करताना वाङ्मयेतिहासकार या टीकेकडे वळतात.

कल्पसंख्येच्या संदर्भात मात्र या यादीतील सर्वांत लहान ग्रंथ अधिक महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे ज्योतिर्ग्रंथांचे भेद आरंभबिंदूवरून केले जातात. कल्पारंभापासून गणित करणारा तो सिद्धान्त, युगारंभापासून करणारे ते तंत्र आणि ग्रंथकाराच्या स्वतःच्या काळातील एखाद्या शकापासून करणारे ते करण. 'सिद्धान्तशेखर' लिहिणाऱ्या श्रीपतीने दोन करणेही लिहिली. सिद्धान्ताने गणित केले तर दिवसांची संख्या, अहर्गण, बारा अंकी येते आणि प्रत्येक ग्रहासाठी तिला नऊ ते अकरा अंकी भगणांनी गुणावे लागते. पाटीवर धूळ पसरून आकडेमोड करणाऱ्याला वर्षभराचे पंचांग असे करणे परवडणारे नव्हते. करणात हा भार ग्रंथकार स्वतः एकदाच उचलतो, आरंभशकाचे ग्रहस्थान काढून देतो, आणि पुढच्या गणकाने गेलेली वर्षे तेवढी मोजायची असतात. पुढे १५२० मध्ये गणेश दैवज्ञाने कोकणातील नांदगाव येथे 'ग्रहलाघव' रचताना अकरा वर्षांचे ४,०१६ दिवसांचे चक्र घेऊन हा भार आणखी हलका केला, आणि महाराष्ट्राची पंचांगे दीर्घकाळ त्या ग्रंथावर चालली.

शकारंभी कल्पाची १,९७,२९,४७,१७९ वर्षे गेलेली होती. शके ९७८ साठी ही संख्या १,९७,२९,४८,१५७ होते. 'ध्रुवमानस' हाती घेणाऱ्या गणकाला मात्र चालू शकातून ९७८ तेवढे वजा करावे लागत होते.